पाण्याच्या टाकीपासून दारापर्यंत

रिक्षातून उतरले तेव्हा गल्ली इतकी गप्प होती, की मला वाटलं रिक्षावाल्याने भलत्याच गावात आणून सोडलं. इचलकरंजीत मी आधीही आले होते, आणि दरवेळी यंत्रमागांचा खडखडाट चपलेतून वर चढायचा. त्या दिवशी कसल्याशा दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. सगळे माग थांबलेले. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, ती दोन गल्ल्या पलीकडची आहे हेसुद्धा कळलं.

हुक्केरींचं घर ओळीत शेवटचं. मी कडी वाजवली. लीलाने दार उघडलं.

"ताई, बरं झालं आज माग बंद आहेत," ती म्हणाली. "नाहीतर कडी ऐकूच आली नसती बघा."

लीला म्हणजे शिवलीला, बसूची धाकटी बहीण. बसू, बसवराज हुक्केरी, कोल्हापूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. माझी चूक माझ्याआधी त्याला दिसायची आणि ती सांगताना स्वारी अगदी खुलायची. सांगण्याआधी माझ्या टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करायचा. दोनदा, मग जरा थांबून एकदा. ती टकटक ऐकली की माझं डोकं फिरायचं. चार महिन्यांपूर्वी ऑफिसातून घरी येताना, या घरापासून हाकेच्या अंतरावर, पाण्याच्या टाकीच्या वळणावर एका टेम्पोने त्याच्या गाडीला उडवलं. तो जागीच गेला. तेव्हापासून मी ऑफिसात त्याच्या टेबलाकडे पाठ करून बसत होते.

आदल्या दिवशी लीलाचा फोन आला होता. "ताई, नवीन प्रोजेक्ट उभा करायचाय, पण तो उभाच राहीना. तुम्ही येता काय?"

पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. येताना स्वतः बनवलेलं एक छोटं वेब ॲप घेऊन ये, एवढीच अट. सोमवारी रुजू व्हायचं होतं. घरात लॅपटॉप एकच, बसूचा.

"काकू जाणार ना तुझ्याबरोबर?" मी तिच्या आईबद्दल विचारलं.

लीलाने मान हलवली. "नाही म्हणते. इथनं हलायचंच नाही म्हणते. तिला एकटीला टाकून मी कसं जाऊ? आणि नाही गेलो तर खायचं काय आम्ही?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, म्हणून ती गप्प बसली. काकूंना ऐकू येत नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आणि काकांनी उभा जन्म माग चालवले. काका वारले, माग विकले, आणि काकूंचे कान त्या आवाजाबरोबरच गेले. पण मागावर काम केलेल्या बायकांना ओठ वाचता येतात. त्यांच्यासमोर बसून काही लपवणं अशक्य. लीलाला आईपासून काही लपवायचं असलं, की ती खिडकीकडे तोंड करून बोलायची.

"घे च्या," काकू मोठ्याने म्हणाल्या. सगळंच त्या मोठ्याने बोलत. "बसूच्या ऑफिसातली न्हवं तू? वाळलीस की गं."

"कामाने," मी म्हणाले.

"त्यो बी तसंच म्हणायचा."

मी लॅपटॉपसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसले. काकूंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या भिंतीशी पाटावर टेकल्या.

काम तसं पोरखेळ. जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क म्हणजे बिल्डरने बांधून दिलेला रिकामा फ्लॅट. भिंती, दारं, नळ तयार असतात, आपण जाऊन संसार मांडायचा. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, ते चार प्रश्न विचारतं, उत्तरं दिली की लागेल ते सामान इंटरनेटवरून ओढून आणतं. मी माझ्या फोनवरून नेट जोडून दिलं आणि कीबोर्ड लीलाकडे सरकवला. तिने ओळ टाइप केली. पडद्यावर पहिला प्रश्न आला, प्रोजेक्टचं नाव काय?

"नवघर ठेवतो," लीला म्हणाली आणि तिने टाइप केलं.

"कोण विचारालंय?" काकूंनी पाटावरून विचारलं.

"कोणी नाही काकू. मशीन विचारतंय."

"कोणीच न्हाई, तर उत्तर कशाला देतीस?"

मी हसले. लीला हसली नाही. बाकीच्या प्रश्नांना तिने भराभर हो म्हटलं. सामान उतरायला लागलं, पडद्यावरून ओळी धावल्या आणि शेवटी हिरवी खूण आली. प्रोजेक्ट तयार. मग तो चालू करायचा, आणि याच मशीनवरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर त्याचं पहिलं पान बघायचं. फ्रेमवर्कचं स्वागताचं पान असतं ते, पांढरंशुभ्र, मधोमध त्यांचं चिन्ह. मी हजारदा पाहिलेलं.

लीलाने ब्राउझर उघडला. पत्ता टाकला. मग हात मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

पान राखाडी होतं. मध्ये एक न पेटलेला बल्ब काढलेला. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'बसू अजून बाहेर आहे.'

माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला.

"हेच," लीला पुटपुटली. "किती वेळा केलो ताई. दर वेळी नाव बदललो. हेच येतंय. त्याचं फोल्डर पुसलो, तरी हेच."

क्षणभर माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हरकत नाही. पण मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडीच, आणि भुताखेतांच्या बाबतीत तर ठणठणीत. पुढच्या क्षणाला मला सगळं आठवलं.

हे पान बसूने ऑफिसातच बनवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता. मागांच्या आवाजात दारावरची कडी ऐकू यायची नाही, म्हणून काकांनी शेडमध्ये एक पिवळा बल्ब लावला होता. बाहेरून बटण दाबलं की आत बल्ब पेटायचा, मग काकू माग थांबवून दार उघडायच्या. माग गेले, बल्ब गेला, आणि काकूंना घरातली कडीही ऐकू येईना. बसू ऑफिसातून यायचा आणि दाराबाहेर ताटकळत उभा राहायचा. म्हणून त्याने हे पान केलं. घरचा लॅपटॉप संध्याकाळी उघडा ठेवायचा. येताना पाण्याच्या टाकीजवळ गाडी हळू करून त्याने मोबाइलवर बटण दाबलं, की इथे पान पिवळंधमक व्हायचं आणि अक्षरं यायची, 'आई, दार उघड. मी आलोय.' मला दाखवताना भारी खूश होता. टाकीजवळ रेंज गेली तर? मी खवचटपणे विचारलं होतं. तर रोजच्या वेळेला आपोआप पिवळं होईल, असं म्हणून त्याने डब्यातली चटणी माझ्या पोळीवर वाढली होती.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," मी लीलाला म्हणाले. "ब्राउझर अशा पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतो. मागचा प्रोग्राम पुसला तरी ती प्रत तशीच राहते. तुझा नवा प्रोजेक्ट त्याच पत्त्यावर उघडतो ना? मग नव्याच्या जागी ब्राउझर जुनंच दाखवतो. नवं बिऱ्हाड आलं तरी कडी वाजवल्यावर जुना भाडेकरूच दार उघडतो, तसं."

"मग घालवता येतं?"

"एक बटण. साठवलेलं सगळं पूस म्हणायचं."

"कायमचं?"

"त्याचं मूळ फोल्डर तूच पुसलंस ना? मग आता एवढी एकच प्रत उरलीय. ही गेली की संपलं."

लीला उठून खिडकीशी गेली. काकूंकडे पाठ करून बाहेर बघत बोलायला लागली.

"ताई, आई रोज संध्याकाळी हे लावून बसते. रोज पिवळं होतं. ती उठते, दार उघडते, आणि परत लावतच नाही. रात्रभर दार उघडं. मी तिथंच अंथरूण टाकून जागी बसतो. कुत्री आत येत्यात. शेजारचे म्हणत्यात, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, बसू आल्याशिवाय कसं यायचं?"

"काकूंना माहीत आहे ना, की..."

"लीले," मागून काकूंचा आवाज आला. "काचेत दिसतंय मला तुझं तोंड."

लीला गर्रकन वळली. काकू पाटावरून उठून आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"मला काय येड लागलंय व्हय?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण रागाचा नव्हता. "मी माझ्या हातानं माती दिलीया त्याला. पोरगं गेलं, एवढं कळतंय मला. पण त्या दिवशी हे पिवळं झालं. आलोय म्हणाला. मी दार उघडलो. काळोख पडंस्तोवर उभी राहिलो दारात, वळणापल्याडचं हितनं दिसत न्हाई. नंतर लोक आले सांगायला." त्यांनी पडद्यावरच्या बल्बला बोट लावलं. "आलोय म्हणाल्यावर आला न्हाई असं कधी झालं न्हाई त्याचं. टाकीपासून दारापर्यंतच तर यायचं राहिलंय. आणि मी कुलूप लावून पुण्याला जाऊ?"

 त्या दिवशी बसूने टाकीजवळ खरंच बटण दाबलं होतं, की वेळ झाली म्हणून ते आपोआप पिवळं झालं होतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. काकूंना तो प्रश्न विचारण्याची माझी छाती नव्हती. त्या पदराने टेबलावर सांडलेला चहा पुसून स्वयंपाकघरात गेल्या.

लीला माझ्या शेजारी येऊन बसली. "बटण कुठलं?"

"लीला, आधी काकूंना विचार."

"विचारलो तर हो म्हणेल काय ती? मग मी जन्मभर उघड्या दारात झोपू?" तिचे डोळे भरून आले होते. "दाखवा ताई."

मी दाखवलं. तिने डोळे मिटून दाबलं.

काहीच आवाज झाला नाही. राखाडी पान गेलं आणि त्याच्या जागी फ्रेमवर्कचं पांढरं पान आलं, मधोमध चिन्ह, इंग्रजीत स्वागत. इतकं साधं. लीला दोन्ही हातांत तोंड धरून बसली. तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी मास्तरकी सुरू केली. मुख्य फाइल उघडून दाखवली, तयार मजकूर खोडला, त्याच्या जागी 'नमस्कार' लिहिलं आणि सेव्ह केलं. शेजारी उघडलेल्या ब्राउझरमधलं पान हात न लावता बदललं.

"आपोआप?" लीलाने नाक पुसत विचारलं.

"इकडे लिहायचं, तिकडे दिसतं. या फ्रेमवर्कची हीच तर मजा आहे."

मग आम्ही काम करत राहिलो. पोरगी हुशार होती, भावासारखीच. सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नव्हतं. एकदा तिने माझी चूक दाखवली आणि माझ्या तोंडून 'गप गं बसू' असं निघून गेलं. 

ऊन उतरलं. वीज अजून आलेली नव्हती, लॅपटॉप बॅटरीवरच चालला होता. घरात काळोख भरायला लागला, लॅपटॉपच्या उजेडात आमचे हात पांढरे दिसत होते. काकूंनी देवापुढे निरांजन लावलं, कपाळाला विभूती लावली आणि रोजच्यासारख्या येऊन पाटावर बसल्या. पडद्याकडे तोंड करून.

पडद्यावर 'नमस्कार' होतं.

मी सांगायला हवं होतं, किंवा लीलाने. पण लीला कीबोर्डवरची धूळ पुसत राहिली आणि मी उगीच फाइल वरखाली करत राहिले. काकू बघत राहिल्या. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्या चेनचा आवाजसुद्धा ऐकू आला. माग चालू असते तर कितीतरी गोष्टी कळल्याच नसत्या, असं माझ्या मनात आलं.

"आज उशीर झाला," काकू म्हणाल्या.

लीलाने मान खाली घातली.

आणि दार वाजलं.

टक टक. मग जरा थांबून, टक.

 शेजारीपाजारी असेल, मी स्वतःला म्हटलं, कुणी पाणी मागायला, दूधवाला. मी लीलाकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा पार उतरला होता. काकूंनी अर्थात ऐकलं नव्हतं. त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या, मांडीवर हात ठेवून.

पुन्हा वाजलं. दोनदा, मग एकदा. घाई नव्हती त्यात. ती टकटक मी इतक्या वेळा ऐकली होती, की माझा हात सवयीने कीबोर्डवरून उचलला गेला, काय चुकलं माझं, म्हणून.

"ताई," लीला ओठ न हलवता म्हणाली. "तुम्ही बघता?"

मी नाही म्हणाले. भुताखेतांच्या बाबतीत ठणठणीत असलेली मी, चार पावलांवरच्या दाराशी जायला नाही म्हणाले. लीलाही उठली नाही. आम्ही दोघी खुर्च्यांना खिळलो होतो, आणि जिने उठायला हवं होतं, तिला उठवणारं पान आम्हीच दुपारी पुसून टाकलं होतं.

तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा आवाज हळू होता. दमल्यासारखा.

लीलाने एकदम लॅपटॉप स्वतःकडे ओढला. घाईत पहिल्यांदा काहीतरी भलतंच उमटलं. तिने ते खोडलं. 'नमस्कार'ही खोडलं. मग एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'आई, दार उघड. मी आलोय.' सेव्ह केलं. आणि लॅपटॉप आईकडे वळवला.

पान पिवळं नव्हतं. बल्ब नव्हता. पांढऱ्यावर काळी, कोपऱ्यात बारीक अक्षरं होती फक्त. पण काकूंनी ती वाचली, आणि "आला" म्हणून त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. दिवसभराच्या कामातलं एखादं काम असावं तशा दाराकडे गेल्या. कडी काढली.

दार आतल्या बाजूला उघडलं. मी बसले होते तिथून मला काकूंची पाठ दिसत होती, त्यांच्या खांद्यावरून समोरचा रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला ती टाकी. संधिप्रकाशात सगळं स्पष्ट दिसत होतं. दारात कुणी नव्हतं.

काकूंनी मान वर केली. बसू उंच होता, त्याच्याशी बोलताना कुणालाही मान वर करावी लागायची. त्या काहीतरी बोलल्या. इतकी वर्षं मोठ्याने बोलणारी ती बाई इतकं हळू बोलली, की मला एक शब्द ऐकू आला नाही. मग थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, कुणाचे तरी ओठ वाचत असल्यासारख्या. मग त्या हसल्या. मला हसू दिसलं नाही, पण गाल वर गेलेला मागून दिसला.

आणि त्या बाजूला सरकल्या. दाराला पाठ टेकवून, पदर आवरून, वाट देताना आपण सरकतो तशा. एक माणूस हेल्मेट हातात घेऊन आत येईल, तेवढी जागा त्यांनी केली.

निरांजनाची ज्योत हलली. वाऱ्याने हलली असेल. दार उघडं होतं.

मग काकूंनी दार लावलं. आतून कडी घातली. अंधार पडताना, चार महिन्यांत पहिल्यांदाच. लीलाने माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशीही तिथे वळ होता.

काकू आत आल्या. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, अगदी सहज म्हणाल्या, "पोरी, जरा ती खुर्ची सोड. दमून आलाय त्यो."

मी उठले. इतकी झटकन मी आयुष्यात कधी उठले नव्हते. भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि वेताच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. नजर काढायचं धाडस होईना.

काकू पाण्याचा तांब्या भरून घेऊन आल्या, तो त्यांनी खुर्चीजवळ ठेवला. मग पदराला हात पुसत लीलाकडे वळल्या.

"सोमवारी जायाचं म्हणालतीस न्हवं पुण्याला?" त्या म्हणाल्या. "ऊठ की मग. भांडी बांधायला घेऊ."